आधी पाणी विचारा, मग वाट

एका मार्चच्या दुपारी आम्ही चौघे चंद्रगडावरून ढवळे गावात उतरलो, तेव्हा पाठीवरच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या होत्या. सकाळी माणशी दोन लिटर घेऊन निघालो होतो. गडावर टाकी आहेत हे वाचलेलं होतं. टाकी होतीही, पण एकात चिखल आणि दुसऱ्यात हिरवी रबडी. पहिलं घर लागलं तिथल्या ओट्यावर टेकलो. आतून आजी आल्या. आमच्या सुकलेल्या ओठांकडे बघून काही न विचारता त्यांनी वाटीभर गूळ पुढे ठेवला, तांब्या मात्र हातातच धरून ठेवला. "आदी गूळ खावा, मंग पानी." आम्ही मुकाट गूळ चघळला. मग त्या म्हणाल्या, "पावसात पानी वाट देत नाय, आन् आता वाटंवर पानी गावत नाय. तुमी येताव तरी कवा?"

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत हिंडायचं असेल तर या प्रश्नाचं उत्तर घरूनच काढून निघायला हवं. बहुतेक लोक किल्ल्याचं नाव धरून बेत आखतात. या वेळी रायगड झाला, पुढच्या वेळी मंगळगड. मी आता पाणी धरून बेत आखतो. कोणत्या महिन्यात कुठल्या ओढ्यात किती पाणी असेल, यावरून वाट ठरते. उलट केलं की फसगत होते, आणि इथली फसगत कधीकधी जिवावर बेतते.

नकाशात हा मुलूख कोकणात येतो. कोकण म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवंगार काहीतरी येतं. पाऊस पडतोही तसाच: रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि डोक्यावरच्या महाबळेश्वरात त्याच्या दुपटीच्या जवळ. पण हे सगळं पाणी चार महिन्यांत येतं आणि थांबत नाही. बेसॉल्टच्या थरावर थर चढलेला हा काळा कातळ पाणी फारसं पिऊन घेत नाही. महाबळेश्वरच्या पठारावरून सावित्री सुटते ती काही किलोमीटरांत हजारभर मीटर खाली येते, पोलादपूर-महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. ऑक्टोबर संपला की ओढे बारीक होतात, फेब्रुवारीत त्यांच्या पात्रात नुसते गोटे उरतात. एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांवर टँकर जातात. ज्या गावाच्या डोक्यावर जुलैत आठ धबधबे कोसळत असतात, त्याच गावात मे महिन्यात बायका झिऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरताना दिसतात.

म्हणून वर्षाचे आठ महिने या भागाला कोरडा मुलूखच समजा. त्यात एक मेख आहे. देशावरच्या, म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या नगर-पुण्याच्या कोरड्या भागात चालणाऱ्यांना कोरड्या हवेची सवय असते; घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. इथे ओढा कोरडा, पण हवा ओली. समुद्र जवळ असल्यामुळे घाम वाळतच नाही, शर्ट पिळून निघतो आणि अंग तापतच राहतं. देशावर तीन लिटर पाण्यात दिवस काढणारा पट्टीचा भटक्या इथे अकरा वाजताच गळून बसलेला मी पाहिलाय.

पाण्याचा साधा हिशोब असा: डिसेंबर-जानेवारीत माणशी तीन लिटर, फेब्रुवारीपासून चार ते पाच. त्यातलं एक लिटर उतरताना पायथ्याला पोहोचेपर्यंत उघडायचंच नाही, अशी शपथ घ्या. नुसतं पाणी ढोसून भागत नाही. घामातून मीठ जातं, ते परत यायला हवं. ओआरएसची पाकिटं चांगलीच, पण कोकमाचा आगळ आणि मीठ-साखर घातलेली एक बाटली माझ्या अनुभवात जास्त उतारा देते, आणि उन्हात ती प्यावीशी तरी वाटते. जेवण म्हणून चपातीत गुंडाळलेला गूळ-तूप. वेफर आणि फरसाण तहान वाढवतात. ते एसटीत खा.

आता महिन्यांप्रमाणे वाटा.

पाऊस ओसरल्यावर, म्हणजे दसऱ्यापासून नाताळापर्यंत, हा मुलूख चालणाऱ्याला सगळ्यात जास्त देतो. या दिवसांत मी नवख्या माणसाला आधी रायगडावर नाही, रायगडाभोवती नेतो. रायगड प्रदक्षिणा ही साधारण चौदा-पंधरा किलोमीटरची वाट आहे आणि रमतगमत सात-आठ तास घेते. प्रदक्षिणा म्हणजे गड उजव्या हाताला. चित दरवाजाच्या बाजूने निघून टकमकवाडी, मग चढ चढून कावल्या-बावल्या खिंड, तिथून भवानी कड्याखालचं रान, वाघ दरवाजाच्या खालून काळकाईची खिंड आणि परत गाडीरस्ता. गडावर गेलेल्या माणसाला रायगड म्हणजे बाजारपेठ, मेघडंबरी, जगदीश्वराचं मंदिर आणि समाधी एवढं दिसतं. ६ जून १६७४ ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ती जागा बघायला तर जायलाच हवं. पण हीच जागा का निवडली, हे कळायला खालून चालावं लागतं. टकमकवाडीतून मान वर केली की टकमक टोकाचा कडा अंगावर येतो. पुढे तासनतास चालूनही वर जायला एकही सोपी घळ सापडत नाही. कावल्या-बावल्या खिंडीत पोचलात की समोर काळ नदीचं खोरं उघडतं, त्यापलीकडे लिंगाण्याचा सुळका आणि मागे घाटमाथ्याची भिंत. इथे अर्धा तास बसा.

या वाटेवर दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, खिंडीनंतरच्या रानात ढोरवाटा फार फुटतात. गुरं चरायला जातात तिथे माणसाची वाट जाईलच असं नाही. वाट दहा मिनिटं नुसती खाली उतरत राहिली तर थांबा, मागे फिरा आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत जा. दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. गवत छातीएवढं वाढलेलं असतं आणि त्याखालचे दगड दिसत नाहीत. हातात काठी हवी, आणि ती टेकायला कमी, गवतात पुढे आपटायला जास्त.

गडावर जायचं ते प्रदक्षिणेच्या दुसऱ्या दिवशी. १९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवे आहे, म्हाताऱ्यांनी तो खुशाल घ्यावा. धडधाकट माणसानं एकदा तरी पायऱ्यांनी महादरवाजातून आत शिरावं. त्या दरवाजाची बांधणी चालत आलेल्यालाच कळते. वर गेल्यावर इमारतींइतकंच पाणी बघा. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, आणि कातळात कोरलेली कितीतरी टाकी. गडावर पाण्याच्या चौऱ्याऐंशी जागा सांगितल्या जातात. राजधानी म्हणजे माणसं, घोडी, हत्ती, कारखाने. आणि डोंगर असा की पाऊस थांबला की कोरडा ठणठणीत. कातळ फोडून दगड काढायचा, त्याच दगडाचा वाडा बांधायचा आणि झालेल्या खड्ड्यात पावसाळा साठवायचा, असं ते दुहेरी काम आहे. हत्ती तलाव कित्येक वर्षं गळका होता, अलीकडे त्याची गळती काढल्यावर तो पुन्हा पाणी धरू लागलाय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड आहे. तेव्हापासून शनिवार-रविवारची गर्दी आणखी वाढली आहे, मंगळवार-बुधवार जमवा. एरवी गडाच्या निम्म्या पायऱ्या पुढच्या माणसाची पाठ बघण्यातच संपतात.

याच दिवसांतली दुसरी चांगली वाट मढे घाट-उपांड्या घाटाची. घाटमाथ्यावरच्या केळदहून मढे घाटाने उतरायचं, पायथ्याच्या कर्णवडीत थांबायचं आणि उपांड्याने परत चढायचं. मुक्काम महाडकडे असेल तर उलट करा, आधी चढ आणि मग उतार. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगडावर पडले आणि त्यांचं मढं याच वाटेनं त्यांच्या उमरठ गावी नेलं, म्हणून हा मढे घाट, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे, तिथे त्यांची समाधी आहे. ही वाट चालून झाल्यावर उमरठला जा, उलट क्रमाने नको. पालखी खांद्यावर घेऊन हा उतार उतरणाऱ्या माणसांचे गुडघे कसे भरून आले असतील, हे आधी आपल्या गुडघ्यांना कळू द्या.

वाळण कोंडाबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तो बघायला फारसं कोणी जात नाही आणि जे जातात ते चुकीच्या कारणासाठी जातात. महाड तालुक्यात वाळण गावाजवळ काळ नदीने कातळात खोल डोह कोरला आहे, त्याला कोंड म्हणतात. पावसाळ्यात प्रवाहाबरोबर गोटे गरगर फिरतात आणि वर्षानुवर्षं कातळ पोखरत राहतात, त्यातून रांजणखळगे होतात. पारनेर तालुक्यातले निघोजचे कुकडीचे रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील. तिथे कोरडं माळरान आणि मधेच ही चिंचोळी घळ. इथे तेच काम नदीनं दाट झाडीखाली केलंय. उन्हाळ्यात आजूबाजूचं पात्र उघडं पडतं तेव्हाही कोंडात पाणी असतं आणि त्यात मासे असतात. काठावर वरदायिनी देवीचं स्थान आहे. हे मासे देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. भात किंवा चुरमुऱ्याची मूठ टाकली की आधी बोटाएवढे वर येतात, मग हातभर लांबीचे, आणि थोडं थांबलात तर तळाच्या काळोखातून मोठी सावली वर सरकताना दिसते. गावकरी म्हणतात थर असतात, लहान वर, मोठे खाली. देवाच्या धाकानं राखलेला हा साठा आहे. नदी आटते तेव्हा मासे इथे तगतात आणि पावसाबरोबर पुन्हा खोऱ्यात पसरतात.

इथले नियम साधे आहेत. डोहात उतरायचं नाही. धार्मिक कारण मानत नसाल तर दुसरं घ्या: खळग्यांचे काठ शेवाळानं निसरडे असतात आणि आत उभं राहायला तळ लागत नाही. पाव, बिस्किटं, प्लॅस्टिक टाकायचं नाही. गळ तर पिशवीतसुद्धा नको. आणि 'इथे पोहता येतं का हो?' हे विचारू नका. उत्तर मिळेल, पण त्यानंतर गावात चहा मिळणार नाही.

पाण्याच्या मागे चालत थेट महाड शहरापर्यंत या. पुष्कळ डोंगरभटके महाडला फक्त एसटी बदलतात. स्टँडपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर चवदार तळं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं, आणि तरी तिथे अस्पृश्यांना पाणी घ्यायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. पुढे खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. तारीख बघा: २० मार्च. ओढे आटलेले, हवा तापलेली, खेड्यापाड्यांतून माणसं पायी आलेली. डोंगरात चार तास तहानेनं काढून आलेल्या माणसाला ही तारीख वेगळी कळते. त्या दिवशी दरवर्षी महाडला अभिवादनासाठी मोठी गर्दी लोटते. नुसत्या भटकंतीला येणार असाल तर मुक्काम, जेवण, गाड्या यांचा विचार करून दुसरा दिवस निवडा.

शहराच्या वेशीवरच, महामार्गालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. अर्ध्या तासाचा चढ, तीसच्या आसपास लेणी. सकाळी सातला वर जाऊन नऊला खाली. पायांची आणि नव्या बुटांची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. बूट चावणार असेल तर इथे चावू दे, ढवळ्याच्या रानात नको. लेण्यांच्या बाजूला कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघायला विसरू नका, जुन्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलेलं असतं. पायथ्याला गांधारी आणि पलीकडे सावित्री दिसते; जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनाही वर चढून पाणी साठवावंच लागलं.

आता चंद्रगड. पोलादपूरहून उमरठवरून ढवळ्याला रस्ता जातो. गाव तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, मोबाइलला रेंज नाही असंच धरून चला. चंद्रगड जावळीच्या मोऱ्यांचा. पायथ्यापासून दोन-अडीच तासांत वर जाता येतं. शेवटचा टप्पा उभा आणि घसाऱ्याचा, मुरमावरून पाय सरकतो. वर शिवलिंग, नंदी, वाड्याचे अवशेष, टाकी. उतरताना घाई करू नका, या गडावर चढताना पडणारे कमी आणि उतरताना पडणारे जास्त.

खरी लांब वाट पुढे आहे. ढवळ्याहून निघून दाट जंगलातून सावित्रीच्या खोऱ्याच्या कडेनं थेट महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटला निघणारी. हजार मीटरहून जास्त चढ, आठ ते दहा तास. बहिरीची घुमटी हा वाटेतला विसावा. ऑर्थर सीटच्या कठड्यावरून पर्यटक ज्या दरीत टोप्या आणि बाटलीची झाकणं भिरकावतात, ती दरी तुम्ही तळापासून चढून येता. वर पोचल्यावर मक्याची कणसं खाणारी मंडळी तुमच्या मातकट कपड्यांकडे बघतात, तो क्षण मला दर वेळी आवडतो.

ही वाट ऑक्टोबर अखेर ते जानेवारीतच करा. गावातला माहीतगार माणूस बरोबर घेतल्याशिवाय करू नका. मोबाइलमधला नकाशा इथे खुशाल ठेवा, पण त्यावरची रेघ ज्यानं चालून काढली तो चुकला असेल तर तुम्हीही चुकणार. वाटाड्याला आदल्या संध्याकाळीच गाठा, पैसे आधी ठरवा आणि वर पोहोचल्यावर त्याच्या परतीच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च वेगळा द्या; तो माणूस दुसऱ्या दिवशी तीच वाट एकटा उतरणार असतो. त्याला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: 'सध्या पाणी कुठे कुठे आहे?' 'पाणी आहे का?' असं विचारू नका. पाहुण्याला नाही म्हणायला लोकांना संकोच वाटतो, उत्तर हमखास 'हाय की' येतं. 'कुठे', 'किती', 'शेवटचं कधी बघितलं', असे तीन प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला 'दिवाळीत' असं उत्तर आलं आणि महिना जानेवारी असेल, तर त्या पाण्यावर विसंबू नका.

फटफटलं की लगेच चालायला लागा. जंगलात गवे आहेत, काळोखात त्यांच्या वाटेत आपण नको, आणि अंधार पडायच्या आत पठारावर पोचायचंच. दुपारी एकपर्यंत निम्म्याहून पुढे गेला नसाल तर परत फिरा. परत फिरणं हे सगळ्यात अवघड कसब आहे, आणि ते शिकायला पैसे पडत नाहीत.

मंगळगड, म्हणजे कांगोरी, थोडक्यात सांगतो. बिरवाडीकडून जायचं, पिंपळवाडी किंवा दुधाणेवाडी पायथ्याला. माचीवर कांगोरीनाथाचं देऊळ आहे. गर्दी नसते, डिसेंबरात वारा बोचरा. मला हा गड रायगडाइतकाच आवडतो, हे रायगडवाल्यांना सांगू नका. शिवथरघळ गाडीने होते, थोड्या पायऱ्या आहेत. धबधब्याशेजारची घळ, समर्थ रामदासांचं वास्तव्य आणि दासबोधाचं लेखन तिथलं मानतात. ते उपासनेचं ठिकाण आहे, आवाज आणि कपडे जपा. कुडपणला सप्टेंबरच्या शेवटी जा, कड्याच्या कडेनं फिरण्यासारखं आहे.

लिंगाणा वेगळा. तो कातळारोहणाचा सुळका आहे, दोर, हेल्मेट आणि अनुभवी चमू लागतो. बोराट्याच्या नाळेतून लिंगाण्याच्या खिंडीपर्यंत जाणं हासुद्धा मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरण्याचा प्रकार आहे. समाजमाध्यमावर सुळक्याच्या माथ्यावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो बघून निघू नका. तो माणूस चार दोरांना बांधलेला असतो, दोर फोटोत दिसत नाहीत.

राहिला पावसाळा. इथे मी स्पष्टच बोलतो: जुलैत आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात या दोन तालुक्यांतल्या घळी, नाळा आणि कड्याखालच्या वाटा टाळा. मला पाऊस आवडत नाही म्हणून नव्हे. २५ जुलै २००५ ला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस झाला होता, आणि ते सगळं पाणी सावित्रीतून महाडच्या बाजारपेठेत शिरलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून नदीसारखा लोंढा आला, पर्यटक कठड्यांना धरून उभे राहिले, आणि प्रशासनाने गड काही आठवडे बंद ठेवला.

डोंगर सुटायच्या आधी खुणा देतो. जमिनीला नव्या भेगा पडतात, उभी झाडं कलतात, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येतं, भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होतं. शेवटची खूण सगळ्यात वाईट: वर कुठेतरी पाणी अडलंय. यातली एकही दिसली तर सामान सोडून बाजूच्या दांडावर चढा, ओढ्याच्या कडेनं खाली पळू नका.

आणि डोंगरवाल्याला चमत्कारिक वाटेल असा एक सल्ला: पावसाळ्यात महाडला येताना भरतीचं वेळापत्रक बघा. बाणकोटच्या खाडीतून भरती सावित्रीत पार आतपर्यंत येते. वर धो धो पाऊस आणि खाली मोठी भरती एका वेळी आली की पुराला बाहेर पडायला जागा राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला. वरंधा आणि आंबेनळी हे घाटसुद्धा या दिवसांत दरडींमुळे बंद होतात, पुण्याहून येणाऱ्यांनी निघण्याआधी चौकशी करावी. पाऊसच बघायचा असेल तर सप्टेंबरात या, नाणेमाचीचा धबधबा तेव्हाही भरलेला असतो.

उन्हाळ्यातले धोके निराळे. फेब्रुवारीपासून वणवे लागतात. आग चढावर वेगाने धावते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीही राहू नका. आधीच जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर जाऊन थांबणं सगळ्यात सुरक्षित. चूल, शेकोटी, विडी, सगळं बंद. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन हे चारही त्यांना चालत नाहीत.

आणि विंचू. हा लाल विंचवाचा मुलूख आहे. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशानं हृदयावर काय परिणाम होतो याचा इथेच अभ्यास केला. त्यांचं संशोधन लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि प्राझोसिन हे साधं औषध वेळेत दिल्यानं दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरातल्या चाळिसांवरून एखाद्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यासाठी यातला उपयोगाचा भाग एवढाच: इलाज आहे आणि तो वेळेवर अवलंबून आहे. दंश झाल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की थेट दवाखाना. मंत्र, पाला, चिरे देणं यात एक मिनिटही घालवू नका. सापाच्या बाबतीतही तेच. रेंज मिळेल तिथून १०८. रात्री बूट तंबूबाहेर ठेवू नका, सकाळी घालण्याआधी झटका, आणि बसायला दगड उलटायचा असेल तर काठीनं उलटा.

यायचं कसं? महाड आणि पोलादपूर दोन्ही मुंबई-गोवा महामार्गावर. रेल्वेने आलात तर कोकण रेल्वेचं वीर स्थानक महाडला जवळ. आत जाण्यासाठी एसटी. ढवळ्यासारख्या गावाला दिवसाला मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे स्टँडच्या चौकशी खिडकीवर जाणारी नव्हे, येणारी शेवटची गाडी किती वाजता, ते आधी विचारा. वस्तीची गाडी असेल तर ड्रायव्हर-कंडक्टरशी रात्रीच ओळख करून ठेवा, सकाळी ते तुमच्यासाठी दोन हॉर्न जास्त देतात.

वाडीत पाणी मिळतं, कोणी नाही म्हणत नाही. पण मार्च ते जून कुणाच्या घरी बाटल्या भरायला मागू नका. तांब्याभर प्या, तेवढं पुरे. पाण्याचे पैसे देऊ केलेत तर घरच्यांना वाईट वाटेल. चहा-भाकरीचे द्या, पोरांच्या हातावर नाही, घरच्या बाईच्या हातात. दुकान नसलेल्या वाडीत चहापूड आणि साखरेचा पुडा नेलात तर तो मनापासून घेतला जातो.

त्या दिवशी निघताना आमच्यातल्या एकाने बाटलीतला गाळ धुवायला आजींनी दिलेल्या पाण्यातलं घोटभर घातलं, खळखळवलं आणि अंगणात ओतणार, तेवढ्यात आजींनी त्याचा हात धरला. बाटली घेतली, न्हाणीपाशी गेल्या आणि ते मातकट पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी हळूहळू ओतून बाटली परत आणून दिली.